सोल्डरचा धूर आणि एका खोलीचे घर

पिंपरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका, असे त्यांनी लिहिले आहे. छापण्याची गरजही नाही. असे पत्र आपल्या कितीतरी घरांतून येऊ शकते.

त्यांचे मिस्टर चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामगार आहेत. थोरला मुलगा नववीत आहे, धाकटी मुलगी पाच वर्षांची. घर म्हणजे एकच खोली. त्यातच ओटा, मोरी, कपाट आणि पोरांचा अभ्यास. मुलाला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला आहे. मोबाइलवर बघून बघून तो शिकला. शेजाऱ्यांचे बंद पडलेले चार्जर, टॉर्च, स्पीकर दुरुस्त करून देतो. यंदा जयंतीच्या मंडपासाठी त्याने एलईडी दिव्यांचे धम्मचक्र करायला घेतले आहे. रोज रात्री जेवणे झाली की तो कामाला बसतो आणि खोलीत निळसर धूर साचतो. धाकटीला आधीच सर्दी-खोकल्याचा त्रास. आता रात्री तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. सासूबाई म्हणाल्या, "हा शिशाचा धूर आहे, पोरीच्या अंगात विष जाईल." शेवटी या माउलीने सोल्डरिंग आयर्न उचलले आणि लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावले. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. "मुलाचा हुन्नर मोडू की मुलीचा खोकला सोसू, तुम्हीच सांगा," असे त्यांनी लिहिले आहे.

पत्राने उत्तर देण्यासारखे हे नव्हते. रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. पेटी उघडायला लावली आणि मुलाला म्हटले, रोज बसतोस तसा बस आणि चार टाके मारून दाखव. धाकटीला तेवढा वेळ शेजारी पाठवले.

तो बसला. स्टुलावर बोर्ड, वर ट्यूबलाइट, आणि बारीक काम दिसावे म्हणून मान खाली घातलेली. नाक टाक्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर. आयर्नची बिट काळी पडलेली, त्यामुळे टाका पटकन धरत नव्हता आणि एकेका जागी तो सात-आठ सेकंद आयर्न दाबून धरत होता. धूर सरळ वर चढे तो थेट त्याच्या तोंडावर. डोक्यावर छताचा पंखा फिरत होता, तो हा धूर ओट्यापासून अंथरुणापर्यंत सारखा वाटून देत होता. टाका लवकर थंड व्हावा म्हणून पोरगा मधूनच त्यावर फुंकर मारी आणि पुढचा श्वास तिथलाच घेई. दोन्ही हात गुंतले की सोल्डरची तार दातांत धरी. धम्मचक्राला चोवीस आरे, एका आऱ्यावर दहा दिवे, एका दिव्याला दोन पाय. म्हणजे नुसत्या दिव्यांचे ४८० टाके झाले. त्यातला तिसरा हिस्सा झाला होता.

प्रथम सासूबाईंच्या बोलण्याविषयी. ती माउली चुकीचे बोलली, पण अगदीच चुकीचे नाही. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या सोल्डरच्या तारेत ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते. हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते. आयर्नची बिट साधारण ३५० अंशांपर्यंत तापते. शिसे उकळून त्याची वाफ व्हायला मात्र १७४९ अंश लागतात. म्हणजे त्या आयर्नने शिसे वितळते, पण धूर होऊन उडण्याइतके ते तापत नाही. मग तो धूर कशाचा? तारेच्या पोटात एक बारीक नळी असते आणि तिच्यात फ्लक्स भरलेला असतो. हा फ्लक्स बहुधा चीडच्या झाडाच्या चिकातून काढलेल्या राळेचा असतो. दुकानदार त्याला रोझिन म्हणतात. तापलेल्या धातूवरची गंजाची पापुद्री काढणे हे त्याचे काम. ते करताना तो जळतो आणि जो दिसतो तो त्याचाच धूर.

आपल्या आया-आज्यांनी कल्हईवाला पाहिलेला आहे. तो भांडे तापवून आत नवसागर फिरवायचा, भप्पकन पांढरा धूर उठायचा, मग कथील पसरायचे. धूर नवसागराचा असे, कथलाचा नव्हे. इथेही तसेच आहे. फरक एवढाच की कल्हईवाला अंगणात भाता लावून बसायचा आणि आपला पोरगा अंथरुणाशेजारी बसतो.

तेव्हा या कामात धोके दोन आहेत आणि त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. राळेचा धूर नाकाने जातो. शिसे हाताने जाते आणि तोंडात उतरते. बहुतेक घरांत या दोन्हींची सरमिसळ होते. कोणी नाकाला रुमाल बांधतो आणि त्याच हाताने भाकरी खातो. कोणी हात घासघासून धुतो आणि धूर मात्र छातीत भरून घेतो.

राळेचा धूर म्हणजे उदबत्तीसारखाच, त्यात काय एवढे, असे मुलगा म्हणाला. त्याला आम्ही आमचीच गोष्ट सांगितली.

१९९१ पासून नऊ वर्षे आम्ही भोसरीच्या एका लहान गाळ्यात बोर्डावर पार्ट बसवून सोल्डर करण्याच्या कामाला होतो. लांब टेबल, त्याला अकरा बायका. पंखा होता, पण समोरच्या भिंतीवर छताजवळ. टेबलावरचा धूर आमच्या तोंडावरून जाऊन मग त्या पंख्याकडे निघे. तिसऱ्या वर्षी खोकला लागला. शनिवारपर्यंत छाती दाटून यायची, रविवारी दुपारनंतर मोकळी वाटायची, सोमवारी पुन्हा तेच. रात्री दोन-तीन वाजता उठून बसायची पाळी यायची. डॉक्टरांनी खोकल्याचे औषध दिले, धूळ टाळा म्हणाले. कामाचे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. कामाला लागलेल्या बाईने कामाविषयी तक्रार करायची नसते, असेच आम्ही धरून चाललो होतो. सुपरवायझरला एकदा सांगितले तर तो म्हणाला, "वासाने कोणी मरत नाही." पुढे काम सुटले. खोकला कमी झाला, पण पुरता गेला नाही. आजही शेजारी कोणी सोल्डर केले तर पाच मिनिटांत आमचा घसा धरतो.

फार उशिरा कळले की हे सगळे वैद्यकशास्त्राला आमच्या आधीपासून ठाऊक होते. इंग्लंडमध्ये डॉ. जॅक पेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते की सोल्डरच्या फ्लक्समधल्या राळेच्या धुराने दमा होऊ शकतो. त्यानंतर डॉ. बर्ज यांनी तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांतील कामगार तपासले. सुटीच्या दिवशी बरे वाटणे आणि कामावर गेले की बिघडणे, ही या दम्याची ओळखीची खूण आहे. सगळ्यांना तो होत नाही. ज्यांना होतो त्यांना पहिल्या दिवशीही होत नाही. महिने जातात, कधी वर्षे जातात. पण एकदा शरीराने त्या धुराशी वैर धरले की पुढे चिमूटभर धूरही पुरतो. म्हणून "मला तर काही होत नाही" या बोलण्याला अर्थ नाही.

आणि त्या घरात धाकटी आहे. तिला आधीच दम्याची लक्षणे असतील तर धूर कोणताही असो, सोल्डरचा, डासांच्या अगरबत्तीचा की फोडणीचा, तो तिचा त्रास वाढवणारच. म्हणून त्या भगिनींना आम्ही सांगितले की आधी मुलीला दवाखान्यात न्या. मिस्टरांचे ईएसआयचे कार्ड असेल तर तिथे, नाहीतर महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात. आणि डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, घरात रोज सोल्डरिंग होते हे स्वतःहून सांगा. तपासणी होईपर्यंत त्या खोलीत आयर्न लावायचे नाही. यावर मुलाने मान डोलावली. आईच्या कुलपापेक्षा हे त्याला पटले असावे.

आता धूर घालवायचा कसा ते पाहू.

१९४८ च्या कारखाना कायद्यात चौदावे कलम धूळ आणि धुराचे होते. त्यात लिहिले होते की धूर ओढणारे साधन, तो जिथे उत्पन्न होतो त्या जागेच्या शक्य तितके जवळ लावावे, आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा गेला. पण ते वाक्य घरी टेबलाशी बसणाऱ्यानेही पाठ करावे असे आहे. आमच्या गाळ्यात पंखा होता, फक्त तो जवळ नव्हता.

जवळ म्हणजे किती? मेणबत्ती पेटवा आणि हातभर अंतरावरून फुंका, विझेल. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. ज्योत हलणारसुद्धा नाही. पंख्याचेही असेच आहे. फेकतो तो लांबवर, ओढतो मात्र अगदी जवळचे. बारा सेंटिमीटर रुंदीच्या पंख्यापासून बारा सेंटिमीटर दूर गेलात की त्याची ओढ साधारण दहावा हिस्सा उरते. म्हणून पंखा टाक्यापासून चार-पाच बोटांवर हवा. वीतभर दूर ठेवला तर तो नुसता शोभेचा.

जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यातला १२ व्होल्टचा पंखा भंगारवाल्याकडे मिळतो. जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर त्याला चालतो. पुठ्ठ्याचे खोके घेऊन एका तोंडाला पंखा बसवायचा, ओढणारी बाजू कामाकडे. मागच्या तोंडाला चार इंची लवचीक पाइप, स्वयंपाकघरातल्या चिमणीला लावतात तसला, आणि त्याचे दुसरे टोक खिडकीबाहेर. पाइप आखूड ठेवायचा, हात-दीड हात. हा पंखा अशक्त असतो. लांब आणि वाकडा पाइप लावलात तर तो धूर पुढे ढकलू शकत नाही आणि धूर मागे फिरतो. खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवता येत असेल तर तो याहून चांगला. तेव्हा स्टूल उचलून थेट त्या पंख्याखाली न्यायचे. खिडकी गॅलरीत उघडत असेल तर पाइप शेजारणीच्या दारासमोर सोडू नका. धूर तिच्या पोराच्या छातीत गेला तर आपण काय साधले?

पंख्यासमोर काळा, स्पंजासारखा कोळशाचा जाळीदार तुकडा लावून धूर खोलीतच सोडणारी छोटी यंत्रे विकत मिळतात. त्याने वास थोडा कमी होतो. पण धुराचे कण एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात, ते त्या पातळ स्पंजातून बरेचसे पार होतात. वास गेला म्हणजे धूर गेला, अशी समजूत होते आणि ती जास्त वाईट. रुमालाचे तर बोलायलाच नको. चांगला एन-९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही, आणि तो घातलेला एकटाच वाचतो. शेजारी झोपलेल्या धाकटीला त्याचा काय उपयोग?

वारा पंख्याने समोरून तोंडावर आणायचा नाही. एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे जाऊ द्यायचा. दार थोडे उघडे ठेवायचे, नाहीतर बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी आत येणार काय? छताचा पंखा बंद. मान धुराच्या रेषेतून बाजूला. बारीक दिसत नसेल तर भिंग घ्या किंवा उजेड वाढवा, नाक पुढे नेऊ नका.

आणि हे सगळे जमले की नाही, ते पाहायला उदबत्ती लावा. टाका मारायचा त्या जागी तिचे टोक धरा. धूर सरळ पंख्यात शिरला तर जमले. वर गेला, मागे फिरला, तर अजून जवळ आणा. या परीक्षेला पैसा लागत नाही आणि ती खोटे बोलत नाही.

धूर मुळातच कमी निघावा याकडे कोणी लक्ष देत नाही. आम्ही त्या मुलाची बिट ओल्या स्पंजावर पुसायला लावली, तिला ताजे सोल्डर माखले. लगेच तीन सेकंदांत टाका धरू लागला. काळी बिट म्हणजे दुप्पट वेळ आणि दुप्पट धूर. आयर्न हवे त्याहून गरम असले तर राळ आणखी जळते, म्हणून पैसे साठले की उष्णता कमी-जास्त करता येणारे आयर्न घ्यावे. डबीतली पेस्ट प्रत्येक टाक्याला थापायची गरज नसते, तारेत फ्लक्स आहेच. पत्र्याच्या कामाची तेजाबी पेस्ट तर बोर्डाला लावूच नये. तिचा धूर झोंबतो आणि बोर्डही पुढे खाल्ला जातो. वायर सोलायला ती मेणबत्तीवर जाळतात, तेही बंद करा. प्लास्टिकच्या त्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते. मोटार वाइंडिंगची लाखेची तार न खरवडता तशीच सोल्डर करणाऱ्यांनीही जपावे. काही लाखांतून आयसोसायनेट नावाची वाफ निघते आणि दमा लावण्यात ती राळेच्याही पुढे आहे.

"बिनशिशाची तार घेतली तर प्रश्नच मिटेल ना?" असे त्या भगिनींनी विचारले. अर्धा मिटेल. शिशाचा मिटेल. बिनशिशाचे सोल्डर साधारण २१७ ते २२७ अंशांना वितळते, म्हणजे आयर्न अधिक गरम लागते, आणि फ्लक्स त्यातही असतोच. धूर तसाच, कधी जास्तच. तरीही घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर आम्ही तीच तार घ्या म्हणू. रीळ महाग पडते, पण छंदाच्या कामाला एक रीळ बरेच महिने पुरते.

शिशाच्या बाबतीत सासूबाईंची भीती खरी आहे, फक्त वाट वेगळी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अपाय होणार नाही असे शिशाचे कोणतेही प्रमाण माहीत नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचे शरीर जेवढे शोषते, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाचे शोषते. अंगात लोह कमी असले तर शिसे आणखी शोषले जाते, आणि आपल्या पोरींच्या अंगात लोह किती असते ते सगळ्यांना माहीत आहे. शिसे हाडांत साठते आणि पुढे गरोदरपणात हाडांतून सुटून रक्तात येते.

त्यामुळे तार दातांत धरायची नाही, म्हणजे नाहीच. बोर्ड धरायला चिमटा किंवा स्टँड घ्यावा, लाकडी फळीला खिळे ठोकूनही होतो. काम करताना चहा-बिस्किट नाही. उठले की साबणाने हात धुवायचे, नखांत घासून, आणि मग पाण्याच्या माठाकडे जायचे. खाली कागद घालायचा. तो नंतर गुंडाळून टाकायचा, त्यात भाकरी बांधायची नाही. स्वयंपाकाच्या ओट्यावर काम नको. सोल्डरचे थेंब, तुकडे एका झाकणाच्या डब्यात जमवायचे. घरातली जुनी ताटली त्यासाठी घेतली असेल तर ती पुन्हा जेवणात येता कामा नये. मुलाकडे तशी एक ताटली होतीच, आईने ती तिथल्या तिथे वेगळी काढली. जमीन कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके वेगळे ठेवा. पाच वर्षांची मुलगी जमिनीवर खेळते आणि बोटे तोंडात घालते.

त्या मुलाने आणखी एक गोष्ट आईपासून लपवलेली होती, ती आमच्यासमोर सांगितली. त्याला पार्ट लागतात ते विकत घ्यायला पैसे नसतात, म्हणून तो भंगारातले बोर्ड आणतो. पूर्वी कुदळवाडीच्या गोदामांतून मिळायचे. तिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेची मोठी पाडापाडी झाली. आता इकडून तिकडून गोळा करतो. आणि आई कामाला गेली की बोर्ड पालथा करून गॅसच्या शेगडीवर धरतो, सोल्डर वितळले की आपटून पार्ट खाली पाडतो. हे ऐकून ती माउली मटकन खाली बसली. आम्हीही क्षणभर गप्प झालो. आयर्नचे ३५० अंश वेगळे आणि शेगडीची ज्योत वेगळी. तिथे बोर्डाचे प्लास्टिक आणि त्यात मिसळलेली आग-रोधक रसायने जळतात, वितळलेले शिसे शेगडीवर सांडते, आणि त्याच शेगडीवर संध्याकाळी भाकरी भाजली जाते. सोल्डर ओढून घेणारा हातपंप, ज्याला पोरे सकर म्हणतात, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो. महाग वस्तू नाही. तो घेऊन एकेक पाय सोडवायचा. वेळ लागतो, लागू दे. शेगडी त्याच दिवशी ओल्या फडक्याने घासून घेतली, तवा आणि जाळ्यासुद्धा.

तो रागावण्याजोगा मुलगा नाही. ज्याला कोणी शिकवले नाही तो असाच शिकणार. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकला जायचे त्याच्या मनात आहे. तिथे शिकवणारे भेटतील. तोवर घरातल्यांनी त्याच्याजवळ बसायला हवे, कुलूप लावून ते होत नाही.

परवा त्या भगिनींचा फोन आला. मुलीला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी फवाऱ्याचे औषध दिले आहे आणि महिन्याने पुन्हा बोलावले आहे. खोलीत आयर्न अजून लावलेले नाही. विहाराच्या मागच्या पडवीत, तीन बाजू उघड्या असलेल्या जागी, मंडळाच्या पोरांनी टेबल मांडले आहे. धम्मचक्राचे उरलेले आरे तिथे होत आहेत. पंख्याचे खोके मुलाने केले आहे. पहिल्या उदबत्तीला धूर मागे फिरला, कारण त्याने पाइप तीन हात लांब घेतला होता. कापून एक हात केला तेव्हा ओढू लागला. खोके घरी कधी आणायचे ते डॉक्टरांनी महिन्याने तपासल्यावर ठरेल, असे आईने त्याला सांगितले आहे.